झिव्हेर्नीचें तळें

घराच्या मागें थोडी मोकळी जागा असावी, तींत एखादें लहानसें तळें असावें, तळ्यांत चार कमळें उमललेलीं असावींत आणि सायंकाळीं त्याच्या कांठीं स्वस्थ बसतां यावें, ही इच्छा ज्याच्या मनांत एकदांही डोकावली नाहीं असा गृहस्थ विरळा. तळें पाहणाऱ्याला तें तेथें नेहमींच होतें असें वाटतें. विहीर खणावी लागते, हौद बांधावा लागतो, बाग लावावी लागते, हें आपण जाणतों. तळें मात्र पावसाबरोबर आकाशांतून उतरलें असावें, अशीच आपली समजूत असते. आणि तें जितकें चांगलें साधलेलें असेल तितकी ही समजूत अधिक दृढ होते. वस्तुतः मनुष्यानें केलेल्या प्रत्येक तळ्यामागें जमिनीचा व्यवहार असतो, पाण्याचा हक्क असतो, शेजाऱ्यांची संमति किंवा तक्रार असते. आणि तळें तयार झाल्यावर रोज सकाळीं त्याच्यासाठीं राबणारे हात असतात. ह्या सर्व गोष्टी ज्याच्या बाबतींत बऱ्याच तपशिलानें नमूद होऊन राहिल्या आहेत असें एक तळें फ्रान्स देशांत आहे. त्याच्यावरून काढलेलीं चित्रें जगभर गेलीं. परंतु चित्रांच्या कीर्तींत तळ्याचा स्वतःचा इतिहास बुडून गेला. तो येथें सांगावयाचा आहे.

पॅरिसपासून सेन नदीच्या प्रवाहाबरोबर खालीं गेलें म्हणजे सुमारे ८० किलोमीटरांवर झिव्हेर्नी नांवाचें खेडें लागतें. एप्त नांवाची लहान नदी तेथून जवळच सेनला मिळते, आणि त्या संगमाभोंवतीं ओलसर कुरणें पसरलेलीं आहेत. १८८३ च्या वसंतऋतूंत क्लोद मोने हा ४२ वर्षांचा चित्रकार ह्या खेड्यांत भाड्याचें घर घेऊन राहावयास आला. त्याची पहिली पत्नी १८७९ सालींच वारली होती. तो व त्याचे दोन मुलगे, आलिस ओशदे ही बाई व तिचीं सहा मुलें, असें दहा माणसांचें बिऱ्हाड होतें. आणि इतकीं तोंडें निर्धास्तपणें पोसतां यावीं अशी प्राप्ति अजून नव्हती. तथापि घरापुढील जमिनींत त्यानें लागलीच फुलझाडें लावण्यास आरंभ केला. भाड्याच्या जागेंत बाग उठविणें व्यवहारी माणसास वेडेपणाचें वाटेल. पण बागेचा ज्यास छंद जडला त्याचा हिशेबच निराळा असतो. पुढें चित्रांना बरें गिऱ्हाईक मिळूं लागलें, तेव्हां १८९० सालीं त्यानें तें घर व ती जमीन २२,००० फ्रँकांस हप्त्यांनीं विकत घेतली. पायाखालची जमीन आपली झाल्यावर तीन वर्षांच्या आंत त्याची दृष्टि कुंपणापलीकडे गेली.

बागेच्या पायथ्याशीं एक गाडीरस्ता होता व त्याला लागूनच आगगाडीचा रूळ गेला होता. रुळापलीकडे एक दलदलीचा तुकडा होता. त्यांत एक लहानसें डबकें होतें, आणि त्याच्या बाजूनें एप्त नदीचा एक फांटा ओढ्याच्या रूपानें वाहत होता. १८९३ च्या फेब्रुवारींत मोनेनें हा तुकडा खरेदी केला. डबकें रुंद करून त्याचें तळें करावें, ओढ्याचें पाणी चरांतून तळ्यांत घ्यावें, दुसऱ्या अंगानें तें परत ओढ्यांत सोडावें, व पाण्याच्या वाटेवर उघडझांप करतां येईल अशा झडपा बसवाव्या, असा त्याचा बेत होता. परंतु जमीन विकत घेतली म्हणजे तिच्या कडेनें वाहणारें पाणीही आपलें झालें असें होत नाहीं. त्या पाण्यास हात लावण्यास सरकारची परवानगी हवी होती. म्हणून मार्च महिन्यांत त्यानें तेथील प्रीफेक्टाकडे, म्हणजे आपल्याकडील कलेक्टराच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे, अर्ज केला.

अर्जाची वार्ता गांवांत पसरतांच तक्रारी सुरू झाल्या. त्या ओढ्याच्या पाण्यावर गांवचीं गुरें जगत, बायका त्यांत कपडे धूत. वरच्या बाजूस एका चित्रकारानें पाणी वळविलें तर तें आपल्यापर्यंत किती पोंचणार, आणि त्यांत त्यानें कोठूनशा आणलेल्या परक्या वनस्पति लावल्या तर त्यांच्या विषानें पाणी नासणार नाहीं कशावरून, असे लोकांचे आक्षेप होते. मोने त्या वेळीं रूआँ शहरीं तेथील प्रचंड देवालयाचीं चित्रें काढण्यांत गुंतला होता. विघ्नांची बातमी ऐकून तो इतका चिडला कीं, मागविलेल्या वनस्पति नदींत फेकून द्या, असें त्यानें घरीं लिहून कळविलें. राग ओसरल्यावर मात्र त्यानें कामाची लेखणी हातीं घेतली. जुलैंत प्रीफेक्टास पाठविलेल्या पत्रांत त्यानें खुलासा केला कीं, आपण लावणार तीं कुमुदें, बोरू व तत्सम झाडें आपल्या नदीच्या कांठीं एरव्हीं रानांत उगवणाऱ्या जातींचींच आहेत, त्यांनीं पाणी विषारी होण्याची भीति नाहीं. आणि हा सारा खटाटोप डोळ्यांच्या सुखासाठीं व चित्रांस विषय मिळावे म्हणून आहे. त्याच महिन्यांत परवानगी मिळाली.

हा प्रसंग वाचतांना गांवकऱ्यांस हंसण्याकडे आपला कल होतो. एवढा मोठा कलावंत, आणि त्याच्या आड यावें कोणी, तर गुराख्यांनीं व कपडे धुणाऱ्या बायकांनीं! परंतु ज्या देशांत पाटाच्या पाळीवरून सख्खे भाऊ एकमेकांचें तोंड पाहत नाहींत, त्या देशांतील वाचकानें तरी असें हंसूं नये. खानदेशांत पांझरेच्या कांठीं फडाच्या शेतीला पाणी वांटून देण्यास स्वतंत्र पाटकरी नेमलेला असे, तो उगाच नव्हे. वरच्यानें घेतलेल्या पाण्याचा जाब खालच्यानें विचारावा, हा पाण्याइतकाच जुना न्याय आहे. मोनेला स्वतःलाही एवढें ठाऊक होतें कीं, दृश्यावर चित्रकाराची मालकी नसते. दोनच वर्षांपूर्वीं, १८९१ सालीं, ह्याच एप्त नदीच्या कांठची पॉप्लर वृक्षांची रांग तो रंगवीत असतां तीं झाडें तोडीसाठीं लिलावांत निघालीं होतीं. तेव्हां एका लांकूड-व्यापाऱ्याशीं बोलून, पदरचे पैसे घालून, त्यानें चित्रें पुरीं होईपर्यंत तीं झाडें उभीं ठेवविलीं. झाडांच्या बाबतींत पैशानें काम भागलें. पाण्याच्या बाबतींत तें भागत नव्हतें. झाड एकाच जागीं उभें असतें, म्हणून त्याचा मालक सांपडतो. पाणी पुढें जातें, आणि पुढें जितके लोक असतील तितके त्याचे धनी असतात.

परवानगीनंतर खरी विद्या पणास लागली. मोनेच्या मनांत होतीं तीं कुमुदें. आपण ज्यास कमळ म्हणतों त्याचें पान देंठावर पाण्याबाहेर उंच उभें राहतें. कुमुदाचें पान पाण्याला टेकून पसरतें. कुमुदाला संथ व उन्हानें कोंवट झालेलें पाणी मानवतें. वाहत्या गार पाण्यांत तें धड फुलत नाहीं. उलट, पाणी अगदींच कोंडून ठेवलें तर तें शेवाळतें व कुजतें. म्हणजे तळ्याचें पाणी थांबलेलें तर दिसावें, पण अगदींच थांबलेलें नसावें, अशी ही अडचणीची अट होती. आणि त्या दोन झडपांत तिचें उत्तर होतें. किती उघडावयाच्या व किती मिटावयाच्या, ह्याच्यावर तळ्याचा जीव अवलंबून होता.

कुमुदांची कथाही ऐकण्यासारखी आहे. उत्तरेकडील थंडींत तगणारीं कुमुदें तोंपर्यंत बहुतेक पांढरींच असत. फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागांत तांप्ल-स्यूर-लो ह्या गांवीं जोझेफ लातूर-मार्लियाक नांवाच्या गृहस्थानें १८७५ सालीं जलवनस्पतींची रोपवाटिका काढली. थंडी सोसणाऱ्या पांढऱ्या जातींचा अमेरिकेंतील पिवळ्या व इतर रंगीत जातींशीं संकर करून त्यानें पिवळीं, गुलाबी, तांबडीं अशीं नवीं कुमुदें निर्माण केलीं, आणि १८८९ सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनांत तीं मांडलीं. मोनेनें तीं तेथें पाहिलीं असावींत असें मानतात. त्यानें १८९४ सालीं ह्याच रोपवाटिकेकडे केलेली मागणी तर कागदोपत्रीं नोंदलेली आहे. तेव्हां प्रीफेक्टाला दिलेलें आश्वासन त्यानें अक्षरशः पाळलें असें म्हणतां येत नाहीं. नदीकांठच्या रानांत असलीं फुलें कोणी पाहिलीं नव्हतीं. परंतु गांवकऱ्यांनीं ज्यांस परकें विष मानलें, त्यांतील पुष्कळशीं फुलें फ्रान्सच्याच मातींत एका फ्रेंच माणसाच्या हातून जन्मलेलीं होतीं, हेंही तितकेंच खरें.

आतां तळ्याची मांडणी. घरापुढील बागेंत सरळ वाटा होत्या, आंखीव वाफे होते. रूळ ओलांडून तळ्याकडे गेलें कीं सरळ रेषा संपत. कांठ वांकडातिकडा ठेवला होता. भोंवतालची वाट वळणें घेत जाई. कोणत्याही एका जागीं उभें राहून सबंध तळें नजरेंत येऊं नये, अशी योजना होती. कांठावर विलोचीं झुकलेलीं झाडें, वेळूचें बन, नाना जातींचे आयरिस. एके ठिकाणीं लांकडाचा कमानदार पूल टाकला होता. १८९५ च्या आरंभींच्या चित्रांत तो दिसतो. त्याचा घाट जपानी. मोने जपानला कधींच गेला नाहीं. परंतु लांकडी ठशांचीं जपानी चित्रें त्यानें दोनशेंहून अधिक जमविलीं होतीं, आणि पुलाची कल्पना त्यांतून आलेली दिसते. मात्र जपानी पुलाचा परिचित तांबडा रंग त्यानें घेतला नाहीं. झाडींत मिसळून जावा म्हणून हिरवा दिला. ह्या मांडणींतील सर्वांत मोठें मर्म मात्र रिकाम्या जागेंत होतें. कुमुदें वाढतील तशीं वाढूं दिलीं तर सारें पाणी पानांनीं झांकून जातें. तीं छाटून त्यांचीं बेटें राखावयाचीं, आणि बेटांमधून पाणी मोकळें ठेवावयाचें, म्हणजे त्यांत आकाश उतरतें. तळ्यांत काय लावावें हें पुष्कळांस कळतें. काय लावूं नये हें थोड्यांस कळतें.

इतकें झाल्यावरही तळें अपुरें वाटूं लागलें. १९०१ सालीं मोनेनें ओढ्याच्या पलीकडील जमीन घेतली. आतां ओढाच मध्यें आला. तेव्हां गांवच्या पंचायतीची संमति मिळवून त्याचें पात्र थोडें बाजूस वळविण्यांत आलें, आणि तळें पूर्वीच्या सुमारें तिप्पट झालें. ज्या गांवानें आठ वर्षांपूर्वीं चराला हरकत घेतली होती, त्यानें आतां ओढा वळवूं दिला. पाणी विषारी झालें नव्हतें, गुरें मेलीं नव्हतीं. हाच कदाचित् मोनेच्या बाजूचा सर्वांत मोठा पुरावा असेल. ओढ्यानें मात्र आपला हक्क पुरता सोडला नाहीं. १९१० च्या जानेवारींत सेन नदीला मोठा पूर आला, त्यांत ही बागही पाण्याखालीं गेली, व पुढें तळ्याचे कांठ नव्यानें सांवरावे लागले. पाण्याशीं केलेला करार मनुष्यापुरताच बंधनकारक असतो.

तळें बांधण्यास जो खर्च आला त्याहून तें राखण्यास अधिक कष्ट पडले. बागेंत सहा-सात माळी असत. त्यांतील एकाचें काम निव्वळ तळ्याचें. तो रोज सकाळीं होडींत बसून निघे. वाळलेलीं पानें व सुकलेलीं फुलें काढी, शेवाळ उपसी, बेटांच्या कडा छाटी, आणि पानांवर बसलेली धूळ धुऊन टाकी. शेजारच्या रस्त्यावरून मोटारी धांवूं लागल्यापासून ही धूळ फारच वाढली होती. शेवटीं रस्त्यावर डांबर पडावें म्हणून मोनेनें स्वतः पैसे मोजले. चित्रकार कुंचला घेऊन कांठावर येई तेव्हां पाणी आरशासारखें असे. तो आरसा कोणीतरी पहांटे पुसून ठेवलेला असे. जगांतील संग्रहालयांतून त्या पाण्याकडे पाहणाऱ्या लोकांस होडींतल्या त्या माळ्याची आठवण क्वचितच होते.

आश्चर्य हें कीं, हें तळें करूनही मोनेनें कुमुदांचीं चित्रें लगेच काढलीं नाहींत. झाडें लावल्यावर त्यांचा गुण कळण्यास आपणांस वेळ लागला, असें तो पुढें सांगत असे. १८९७ च्या सुमारास तो कुमुदांकडे वळला. १८९९ सालीं पुलाचीं चित्रें झालीं. १९०९ सालीं पॅरिसमध्यें ह्या जलदृश्यांचीं ४८ चित्रें एकत्र मांडलीं गेलीं. त्यापूर्वींच्या वर्षीं मनास न आलेलीं कित्येक चित्रें त्यानें स्वतःच्या हातानें नष्ट केलीं होतीं. नंतर दुःखें एकामागून एक आलीं. १९११ सालीं आलिस वारली. १९१२ सालीं डोळ्यांत मोतीबिंदु असल्याचें कळलें. १९१४ च्या फेब्रुवारींत थोरला मुलगा झां वारला, आणि त्याच वर्षीं महायुद्ध पेटलें. पुष्कळ लोक प्रदेश सोडून गेले; म्हातारा तळ्याजवळ राहिला. त्यानें मोठी चित्रशाळा बांधविली व माणसाच्या उंचीहून मोठ्या पटांवर तळें रंगविण्यास घेतलें. युद्ध थांबल्याच्या दुसऱ्या दिवशीं, १२ नोव्हेंबर १९१८ रोजीं, त्यानें आपला स्नेही व फ्रान्सचा तत्कालीन पंतप्रधान क्लेमांसो ह्यास पत्र लिहून दोन पट राष्ट्रास देऊं केले. त्या दोन पटांचे पुढें २२ झाले. १९२३ सालीं डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. ५ डिसेंबर १९२६ रोजीं तो वारला. आणि १९२७ च्या मे महिन्यांत पॅरिसच्या ऑरांझरी ह्या इमारतीच्या दोन लंबवर्तुळाकार दालनांत ते पट लोकांस खुले झाले. त्यांची उंची सुमारें २ मीटर व एकूण लांबी सुमारें ९१ मीटर आहे. त्यांत क्षितिज नाहीं आणि कांठही बहुधा नाहीं. नुसतें पाणी, आणि पाण्यांत उतरलेलें आकाश. शेजाऱ्यांच्या तक्रारींतून निघालेला एक चर असा जाऊन पोंचला.

येथें ही कथा संपविली तर ती गोड होईल, पण खरी होणार नाहीं. चित्रें सुरक्षित दालनांत गेलीं. तळें उघड्यावर राहिलें. आलिसची मुलगी व मोनेची सून ब्लांश ही स्वतः चित्रकर्त्री होती. तिनें १९४७ सालीं मृत्यु येईपर्यंत बाग जमेल तशी सांभाळली. तिच्यामागें ती उजाड होत गेली. मोनेचा धाकटा मुलगा मिशेल १९६६ सालीं मोटारच्या अपघातांत वारला, व त्याच्या मृत्युपत्रान्वयें ही मिळकत फ्रान्सच्या ललितकला अकादमीकडे गेली. तोंपर्यंत पूल कुजून गेला होता, घुशींसारख्या पाण्यांतील प्राण्यांनीं कांठ पोखरले होते, आणि तळें पुन्हां डबक्याच्या वाटेस लागलें होतें. ज्याला आपण निसर्गाची देणगी समजतों तें माणसाचें काम होतें, ह्याचा ह्याहून चोख पुरावा कोणता? माणसाचा हात निघाला, आणि निसर्गानें आपलें डबकें परत मागितलें.

१९७७ सालीं व्हर्सायच्या राजवाड्याचा मुख्य अधिकारी झेराल व्हान डर केंप ह्याच्याकडे हें काम सोंपविण्यांत आलें. राजाच्या आज्ञेनें पाणी हवेंत उडविणाऱ्या कारंज्यांच्या बागेंतला हा माणूस, संथ पाण्याच्या बागेच्या सेवेस आला. पुष्कळसें द्रव्य अमेरिकेंतील दात्यांनीं दिलें. तळें नव्यानें खणलें, कांठ पक्के केले, जुना पूल जाऊन तशाच घाटाचा नवा आला, आणि १९८० सालीं बाग लोकांस खुली झाली. तो रूळ आतां राहिलेला नाहीं. रस्ता आहे, आणि त्याच्याखालून बोगद्यानें तळ्याकडे जातां येतें. दरवर्षीं लाखों लोक येतात, व तळ्यावर अजूनही माळी होडी घालतात.

ह्यावरून १८९३ सालचे ते गांवकरी मूर्ख होते असें ठरतें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. तळें पुढें जगप्रसिद्ध होणार हें त्यांस ठाऊक नव्हतें; मोनेलाही नव्हतें. त्यांच्यापुढें प्रश्न साधा होता: एकाच्या डोळ्यांच्या सुखासाठीं इतरांच्या गरजेचें पाणी वळवावें काय? ह्या प्रश्नाचें उत्तर कीर्तीनें देतां येत नाहीं. तें एवढ्यावरूनच देतां येतें कीं, अर्ज झाला, आक्षेप ऐकले गेले, खुलासा द्यावा लागला, आणि तळ्यांतून गेलेलें पाणी पुन्हां ओढ्याला मिळालें. त्या तक्रारीमुळेंच मोनेला आपली बाजू कागदावर मांडणें भाग पडलें. घेतलेलें पाणी परत सोडणारी ती खालची वाट, आमच्या मतें, त्या बागेंतील सर्वांत सुंदर वस्तु आहे. तिचें चित्र मात्र कोणी कौतुकानें पाहत नाहीं.

आपल्या भाषेंत कमळाला पंकज म्हणतात, तें चिखलांत जन्मतें म्हणून. झिव्हेर्नीच्या तळ्याचा चिखल म्हणजे खरेदीखतें, अर्ज, हरकती, झडपा, पूर, धूळ आणि माळ्याची रोजची होडी. परसांत तळें करण्याचें ज्याच्या मनांत असेल त्यानें खड्डा खणण्यापूर्वीं तीन गोष्टी स्वतःस विचाराव्या: पाणी येणार कोठून, जाणार कोठें, आणि दहा वर्षांनंतर पहांटे उठून तें साफ करणार कोण. ह्या तिन्हींचीं उत्तरें प्रामाणिकपणें देतां आलीं, तर फुलांची चिंता करण्याचें फारसें कारण नाहीं.